ट्रामची वीज : डोक्यावरून की पायाखालून?

पुण्यात ट्राम कधीच धावली नाही. टांगा, सायकल, बस आणि आता मेट्रो असा इथला क्रम. तरीही मेट्रोच्या खांबांवरून वाद पेटला की ‘यापेक्षा ट्राम परवडली असती’ असे म्हणणारा एक तरी भेटतोच. मग मुंबईच्या ट्रामच्या आठवणी निघतात, एक आणा तिकिटाचे कौतुक होते. ती ट्राम ओढायचे कोण आणि कशाने, हे मात्र त्या गप्पांत येत नाही.

सुरुवात घोड्यांची. लोखंडी रुळावर चाकाला विरोध कमी होतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर घोड्यांची जोडी जेवढी माणसे ओढेल त्याच्या दुपटीहून अधिक ती रुळांवर ओढते. १८३२ साली न्यूयॉर्कमध्ये घोड्यांची ट्राम निघाली. पण वर आलेले रूळ इतर गाड्यांची चाके मोडत. पुढे १८५०च्या दशकात रस्त्याच्या पातळीत बसणारा खाचेचा रूळ आला आणि मग युरोपातल्या शहरांनीही ट्राम घरात घेतली. आपल्याकडे कलकत्त्यात १८७३ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी बंदही पडली. ती नीट चालायला १८८० उजाडले. मुंबईत ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी मार्ग सुरू झाला, भाडे तीन आणे. नाशिकलाही १८८९ पासून गाव ते नाशिक रोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम होती, हे आज नाशिककरांनाही सांगावे लागते.

घोड्याची अडचण खाण्याची होती. तो दिवसाला चार-पाच तासच काम करी, पण चारा-चंदी चोवीस तासांची आणि बसून असला तरी लागणारी. गाडी दिवसभर चालवायची तर जोड्या बदलत राहाव्या लागत, म्हणून एका गाडीमागे आठ-दहा घोडे पाळावे लागत. मुंबईच्या कंपनीने सुरुवात केली तीच २० गाड्या आणि २०० घोड्यांनी. प्रत्येक थांब्यावर भरलेली गाडी उभी करायची आणि पुन्हा हलवायची, यात घोड्याचे पाय जात. तीन-चार वर्षांत तो ट्रामच्या कामातून बाद होई. १८७२ साली उत्तर अमेरिकेत घोड्यांच्या तापाची साथ आली तेव्हा शहरेच्या शहरे ठप्प झाली. लिदीचे तर विचारूच नका.

मधल्या काळात बरेच प्रयोग झाले. वाफेचे छोटे इंजिन पेटीसारखे झाकून रस्त्यावर आणले गेले. कलकत्त्यात १८८२ मध्ये त्याची चाचणी झाली. सान फ्रान्सिस्कोत १८७३ पासून जमिनीखाली सतत फिरणाऱ्या लोखंडी दोराला गाडी चिमटा लावून धरू लागली. चढावर हे फारच सोयीचे, पण इंजिनाची बरीचशी ताकद तो मैलोन्मैल दोर फिरवण्यातच खर्ची पडे आणि दोर तुटला की सगळा मार्ग बंद. फ्रान्समध्ये नांतला दाबलेल्या हवेवर गाड्या चालल्या. बॅटरीही झाली, पण तेव्हाची शिशाची बॅटरी माणसांपेक्षा स्वतःचेच ओझे जास्त वाहायची.

वीज आली तेव्हा घोडा जाणार हे ठरलेलेच होते. तो गेल्याचे दुःख टांगेवाल्यालाही झाले नसेल. खरे भांडण पेटले ते वीज गाडीपर्यंत न्यायची कुठून, यावर. इतिहास सांगताना लोक ‘घोडे गेले, वीज आली’ असे एका वाक्यात उरकतात आणि हा वाद गाळतात, म्हणून तो इथे जरा सविस्तर.

१८८१ साली बर्लिनच्या एका उपनगरात विजेची पहिली ट्राम धावली. तिची वीज थेट रुळांतून येई, एका रुळातून जा आणि दुसऱ्यातून परत. दाब १८० व्होल्टच्या आसपास. फाटकावर दोन्ही रुळांवर एकदम पाय पडला की घोडे उधळत, माणसांनाही झटका बसे. त्यामुळे भर शहरात हे चालणार नाही हे लगेच कळले. मग दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, तार डोक्यावर टांगा. दुसऱ्याचे, ती रस्त्याखाली पुरा.

डोक्यावरच्या तारेला १८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहराने खात्री मिळवून दिली. टपावर एक लांब दांडा, त्याच्या टोकाला लहान चाक, ते स्प्रिंगच्या जोराने तारेला खालून टेकलेले. वीज तारेतून मोटारीत आणि चाकांतून रुळात परत. दांडा तारेवरून घसरला की कंडक्टर मागे उतरायचा, दोर ओढून दांडा पुन्हा तारेला लावायचा आणि घंटा द्यायचा. रिचमंडचे चढ अवघड होते; तिथे जमले म्हटल्यावर दोन-तीन वर्षांत अमेरिकेत याच पद्धतीची लाट आली.

विरोध मात्र जबर होता आणि तो सगळाच खुळा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १८८८च्या हिमवादळात तारायंत्राच्या तारा रस्त्यावर कोसळल्या होत्या, लोक धास्तावलेले होते. टेलिफोनवाल्यांची तक्रार अशी की ट्रामची वीज जमिनीतून परतते आणि आमच्या यंत्रात घरघर येते. पाणीपुरवठावाल्यांची तक्रार याहून रास्त : रुळांतून निसटलेली वीज जवळच्या पाण्याच्या नळांतून वाट काढते आणि जिथे बाहेर पडते तिथे नळ कुरतडते. सर्वांत मोठा आवाज मात्र सौंदर्याचा. मॅनहॅटन आणि वॉशिंग्टनच्या मध्यभागात वरच्या तारांना मनाईच झाली. पेठांमधल्या केबलच्या जंजाळाखालून रोज जाणाऱ्या पुणेकराला या नाजूकपणाचे हसू यावे. ज्यांना ट्रामने जायचे नव्हते त्यांनाच तार अधिक खुपत होती, असे माझे मत.

मनाई झालेल्यांनी फट काढली. दोन रुळांच्या मध्ये बोटभरही रुंद नाही अशी फट, खाली चर, चरात वीजवाहक पट्ट्या आणि गाडीखालून फटीत उतरलेला एक तुकडा, ज्याला लंडनच्या कारखान्यांत नांगरच म्हणत. शहराबाहेर तार आणि शहरात फट असल्याने हद्दीवर गाडी थांबे. एक माणूस लांब दुबेळके घेऊन वाकायचा आणि नांगर गाडीखाली ढकलायचा किंवा काढून घ्यायचा, तोवर कंडक्टर वरचा दांडा सांभाळायचा. लंडनने हा खेळ १९०३ ते १९५२ चालवला. खर्च तारेच्या दुप्पट-तिप्पट. फटीत काय काय पडे ते वेगळेच. इंग्लंडच्या ब्लॅकपूलमध्ये १८८५ पासूनच्या फटीत समुद्राची वाळू आणि खारे पाणी शिरे. १८९९ मध्ये तिथे तारच आली.

भारतातली पहिली विजेची ट्राम ७ मे १८९५ रोजी मद्रासमध्ये निघाली, तीही फटीवर. पुढच्या काही पावसाळ्यांतच चर पाण्याने भरून निकामी झाले आणि तारा वर गेल्या. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या देशात वीज गटारातून न्यायची कल्पना कोणाच्या डोक्यातून आली असेल, देव जाणे. हा धडा ताजा असताना कलकत्त्याने १९०२ मध्ये आणि मुंबईने ७ मे १९०७ रोजी सरळ तारेचीच ट्राम घेतली. तारखेचा योगायोग गमतीचा आहे. मुंबईत १९०५ साली ट्राम कंपनी बदलली, नव्या कंपनीने वाडीबंदरला वीजघर बांधले आणि हजाराहून अधिक घोडे मोडीत निघाले.

इथून पुढे गोष्ट पुणे जिल्ह्यात येते. कोळसा जाळून केलेली वीज महाग पडे, म्हणून घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून मुंबईची वीज करायची योजना आली. त्यातून वीजघरे उभी राहिली : खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. गिरण्या, रेल्वे आणि ट्राम हळूहळू या विजेवर आल्या. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीत धरण बांधले गेले आणि पन्नासच्या आसपास मावळी गावांच्या जमिनी गेल्या. १९२१ ते १९२४ असा तिथे सत्याग्रह चालला, माणसे तुरुंगात गेली, धरण झालेच. मुंबईच्या ट्रामचे गोडवे गाताना तिची वीज कोणाच्या भातखाचरांवरून आली हे पुण्यात तरी सांगायला हवे. पुण्याला त्या काळात मिळाली ती १९२९ मध्ये विजेवर आलेली मुंबईची रेल्वे. शहरातल्या रस्त्यांवर टांगेच राहिले.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. मोटारींच्या गर्दीत रुळाला जखडलेली गाडी अडथळा वाटू लागली होती. तारेवरची पण रुळाविना चालणारी ट्रॉलीबसही मुंबईने १९६२ ते १९७१ चालवून पाहिली आणि सोडली.

पुण्याच्या मेट्रोने तोच जुना प्रश्न पुन्हा उकरला आहे. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या दोन मार्गिकांवर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेवर तार नाही. रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट मिळतात. उच्च दाबाची तार लांबवर पुरते, उपकेंद्रे कमी लागतात, पण तिच्याभोवती मोकळी जागा सोडावी लागते. तिसऱ्या रुळाला तारेचे खांब लागत नाहीत, उपकेंद्रे मात्र जवळजवळ बांधावी लागतात. लकडी पुलाजवळ मेट्रोची उंची विसर्जनाच्या रथांना अडेल म्हणून गणेश मंडळांनी काम अडवले होते. तो वाद पुलाच्या उंचीचा होता, तारेचा नव्हता; पण डोक्यावर काय चालेल हे शहर आधी मिरवणुकीवरून मोजते, एवढे त्यातून दिसले.

तिसरा रूळ हिंजवडीला चालतो कारण मार्ग खांबांवर आहे, तिथे कोणी पाय ठेवत नाही. लक्ष्मी रस्त्यावरून ट्राम न्यायची तर तो चालणार नाही. फ्रान्समधल्या बोर्दो शहराने २००३ मध्ये यावर तोड काढली : रस्त्यात पट्टी, आणि गाडी वर असेल तेवढाच तुकडा जिवंत. सुरुवातीची वर्षे पाणी साचून गाड्या बंद पडत राहिल्या आणि मार्गाच्या काही भागात शेवटी तार टाकावी लागली.