मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस

आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा जो पडदा असतो त्याला मेसेंटरी म्हणतात, आणि त्या पडद्यातल्या चरबीला जंतूंशिवाय येणारी जुनाट सूज म्हणजे हा आजार. मेसेंटरीला मराठीत कोणी आंत्रबंध लिहितं, कोणी आंत्रयोजनी. पुण्यात ओपीडीत मात्र ‘आतड्याचा पडदा’ म्हटलं की पेशंटला कळतं, तेच बरं. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब, पण पडद्याचं मूळ जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे नऊवारीच्या निऱ्या एका जागी खोचाव्यात तसं. रक्तवाहिन्या, नसा, लिम्फ सगळं ह्याच निऱ्यांमधून जातं, म्हणून इथे सूज आली तर कापून काढू म्हणायची सोय नाही. २०१६ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकचे सर्जन कॉफी यांनी मेसेंटरीला स्वतंत्र अवयव म्हणावं असं मांडलं तेव्हा ‘नवा अवयव सापडला’ अशा बातम्या झाल्या. सापडला वगैरे काही नव्हता, लिओनार्दो दा विंचीने तो सलग काढून ठेवला होताच.

नावाचा घोळ मोठा आहे. पहिलं वर्णन इटलीच्या जुरा यांचं, १९२४ सालचं असं बहुतेक ठिकाणी धरतात, त्यांनी आकसणारा आणि कडक होणारा मेसेंटेरायटिस असं म्हटलं होतं. पॅनिक्युलायटिस हे नाव रुळलं ते १९६० च्या आसपास, ऑग्डेन आणि सहकाऱ्यांच्या लेखांमुळे. मधल्या काळात लिपोडिस्ट्रॉफी, लिपोग्रॅन्युलोमा अशीही नावं येऊन गेली, ज्याला मायक्रोस्कोपखाली जे जास्त दिसलं त्याने ते नाव दिलं असाच प्रकार. चरबी मरते, मग सूज, मग फायब्रोसिस (तंतू वाढून जागा कडक होणं). हे तीन वेगळे आजार की एकाचेच तीन टप्पे, ह्यावर १९९७ मध्ये एमरी आणि सहकाऱ्यांनी ८४ केसेस तपासून एकच आजार आहे असा कौल दिला आणि स्क्लेरोझिंग मेसेंटेरायटिस हे नाव सुचवलं. तो कौल पटण्यासारखा आहे, कारण एकाच बायोप्सीत तिन्ही गोष्टी कमीजास्त प्रमाणात मिळतात. रेडिओलॉजीवाले (प्रस्तुत नोंदकारही त्यातलाच) अजून पॅनिक्युलायटिसच लिहितात, कारण सीटीवर चरबी दिसते, फायब्रोसिस उशिरा दिसतो.

सोनोग्राफीत गॅसमुळे हे नजरेतून सुटू शकतं, खरं निदान कॉन्ट्रास्ट सीटीवर. नेहमीची चरबी उणे १०० ते उणे १६० हाउन्सफील्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) घरात असते, सुजलेली उणे ४० ते उणे ६० पर्यंत वर येते आणि धुकं पडल्यासारखी दिसते. बहुतेक वेळा डावीकडे, जेजुनमच्या (लहान आतड्याचा मधला भाग) बाजूला. भोवती बारीक कड, आत छोट्या गाठी, आणि गाठींभोवती व रक्तवाहिन्यांभोवती शाबूत राहिलेल्या चरबीचं काळं कडं. हे कडं फार कामाचं, लिम्फोमात (लिम्फच्या गाठींचा कॅन्सर) ते बहुधा पुसलं जातं. कडक गाठ झाली, त्यात कॅल्शियम आलं आणि आतडं ओढलं गेलं की मात्र कार्सिनॉइड (आतड्यात होणारा, सावकाश वाढणारा ट्यूमर) मनात धरावाच लागतो. गाठ १० मिलिमीटरच्या वर असेल किंवा पेट स्कॅनवर उजळत असेल तर बायोप्सी टाळू नये. ग्रीसमध्ये ७६२० सीटी तपासून ४९ जणांत, म्हणजे ०.६ टक्के लोकांत, हे सापडलं (२०००) आणि त्यातल्या ३४ जणांना कुठला ना कुठला कॅन्सर होता, त्यावरून बराच गदारोळ झाला. पण सीटी मुळात कोणाचे काढले जातात हे पाहिलं तर त्या आकड्याची धार कमी होते, नंतरच्या काही तुलनांमध्ये संबंध दिसलाही नाही.

पुण्यात पहिला प्रश्न कॅन्सरचा नसतो, टीबीचा असतो. आतून मऊ पडलेल्या आणि कडेने उजळणाऱ्या गाठी, इलिओसीकल भागात (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे) जाडी, पोटात पाणी, हे टीबीकडे बोट दाखवतं. पोटातल्या टीबीत सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही, आणि नुसत्या गाठी दिसल्या म्हणून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करणंही बरोबर नाही, शक्य तिथे तुकडा घ्यावा. बायोप्सी झालीच तर आयजीजी-४ ह्या प्रतिपिंडाचा स्टेनही करून घ्यावा.

लक्षणं पोटदुखी, फुगणं, वजन उतरणं, कधी ताप. बरेचदा काहीच नसतं, किडनी स्टोनसाठी सीटी काढला आणि हे सापडलं असं होतं. लक्षणं नसतील तर औषध नको.

त्रास असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड साधारण ४० मिलिग्रॅमने सुरू करून काही महिन्यांत उतरवतात, जोडीला टॅमॉक्सिफेन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती ब्रेस्ट कॅन्सरची गोळी, त्यामुळे पुरुष पेशंट असला की केमिस्ट चिठ्ठी दोनदा वाचतो. ह्या जोडीला आधार मुख्यतः मेयो क्लिनिकच्या ९२ पेशंटच्या मालिकेचा (२००७), त्यात जोडीवर असलेल्या २० पैकी १२ जणांना फरक पडला. आकडा छोटा आहे, पण दुसरीकडे फार काही नाही. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आधी पायात गुठळी झालेल्याला देताना विचार हवा. कोल्चिसिन, अझाथायोप्रिन, थॅलिडोमाइडही वापरतात. स्टेरॉइडआधी टीबी नाही ना ह्याची खात्री आणि शुगर, दोन्ही बघायलाच हवं, पन्नाशीपुढच्या पुणेकराला शुगर असतेच असं धरून चालावं. ऑपरेशन फक्त आतडं अडकलं तर, आणि तेही बहुधा बायपास, म्हणजे अडकलेला भाग टाळून आतडं पुढे जोडणं.

लहान मुलांत हा आजार फार क्वचित. त्यांच्या सोनोग्राफीत ‘मेसेंटेरिक लिम्फॅडेनायटिस’ (पडद्यातल्या लिम्फच्या गाठींना सूज) लिहून येतं ती वेगळी गोष्ट, त्यात ८ मिलिमीटरच्या पुढच्या गाठी मोजतात, बहुतेकदा व्हायरल असतं आणि काही आठवड्यांत आपोआप बसतं.