पाय गेला, कळ उरली

गुडघ्याखाली चादर सपाट असते आणि रुग्ण म्हणतो, अंगठा मुरगळतोय. कुणाची नसलेली टाच पेटते, कुणाची गेलेल्या हाताची मूठ अशी आवळते की नखं तळव्यात रुतल्यासारखी वाटतात. वैद्यकात याला ‘फँटम लिंब पेन’ म्हणतात. या दुखण्याच्या इतिहासातला निम्मा घोळ त्याच्या नावाने घातलेला आहे.

दुखणं जुनंच. सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच लष्करी सर्जनने ते नोंदवून ठेवलंय. १७९७ मध्ये उजवा हात गमावलेल्या एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याला बोटं जाणवत राहिली, तर त्याने तो आत्मा असल्याचा पुरावा मानला. नाव मात्र अमेरिकी यादवी युद्धानंतरचं. फिलाडेल्फियात जखमी सैनिकांच्या नसांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने १८६६ मध्ये आधी निनावी कथा छापली. तिच्यातल्या सैनिकाचे दोन्ही हात, दोन्ही पाय गेलेले. वाचकांना ती इतकी खरी वाटली की काहींनी त्या सैनिकासाठी पैसे पाठवले! पुढे १८७१ मध्ये त्याच डॉक्टरने स्वतःच्या नावाने लिहिताना ‘फँटम’ हा शब्द वापरला. त्याने पाहिलेल्या ९० जणांपैकी ८६ जणांना गेलेला अवयव जाणवत होता.

फँटम म्हणजे भूत. अवयव मेला तरी पिच्छा सोडत नाही, एवढंच त्याला म्हणायचं असावं. पण भूत म्हटलं की पुढचा प्रश्न ‘खरं की मनाचे खेळ’ हाच येतो. मराठीत आपण आणखी एक घोटाळा केला. ‘आभासी वेदना’ असं भाषांतर रूढ झालं आणि त्यातून अवयवच गळून पडला. आभासी आहे तो पाय; वेदना नाही. जे विशेषण पायाला लागायला हवं होतं ते दुखण्याला चिकटलं. नातेवाईक मग समजूत घालतात, ‘अहो, भास आहे तो, लक्ष देऊ नका.’

शिवाय या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली नुसती जाणीव: पाय आहेसा वाटतो, खाज येते, मनगटावर घड्याळाचा पट्टा जाणवतो, पण दुखत नाही. दुसरी, त्या नसलेल्या भागातली खरी कळ. तिसरी, उरलेल्या भागाचं, म्हणजे स्टंपचं दुखणं. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरलेली असते, तिच्यावर बोटाने टिचकी मारली की विजेचा झटका बसल्यासारखी चमक निघते. किंवा जयपूर फूटचं सॉकेट नीट बसत नसतं. पहिलीला बहुतेकदा औषध लागत नाही, तिसरीचं कारण हाताला लागू शकतं आणि दुसरी सगळ्यांत चिवट. केसपेपरवर तिन्ही ‘फँटम पेन’ म्हणून एकत्र आल्या की उपचार भरकटलेच.

हे दुखणं विरळ आहे असं बराच काळ मानलं जाई. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हात किंवा पाय गमावलेल्या सुमारे ५,००० माजी सैनिकांना पत्रं पाठवून विचारलं गेलं. उत्तर देणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी दुखतं म्हणून कळवलं. वेड लागलं म्हणतील या धास्तीने कित्येकजण गप्प बसले होते. तोवर उपचार म्हणजे स्टंप आणखी वर कापणं, मज्जारज्जूतले तंतू तोडणं असले आडदांड प्रकारही होऊन गेले होते.

मग मेंदूचा नकाशा आला, म्हणजे शरीराच्या प्रत्येक भागाची मेंदूत ठरलेली जागा. हाताकडून संदेश यायचे थांबले की मेंदूतल्या हाताच्या जागेत चेहऱ्याचे संदेश घुसतात, असं १९९१ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दिसलं. हे अतिक्रमण जितकं जास्त तितकं दुखणं जास्त, असा निष्कर्ष १९९५ मध्ये अवघ्या १३ माणसांवरून निघाला. त्याच सुमारास चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेऊन कॅलिफोर्नियात गेलेल्या एका संशोधकाने साधा आरसा पुढे केला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा, स्टंप त्याच्यामागे लपवायचा, धडधाकट पायाचा घोटा वरखाली करायचा आणि आरशातल्या पायाकडे बघत राहायचं, म्हणजे गेलेलाच पाय हलतोय असं दिसतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात रोज १५ मिनिटं, चार आठवडे हे करून पाहिलं. आरशाच्या गटातल्या सहाही जणांचं दुखणं उतरलं. झाकलेल्या आरशाच्या गटात एकाचंच. सहा म्हणजे फार थोडे, हे तेव्हा उत्साहात कुणी मोठ्याने म्हटलं नाही.

नकाशाचा सिद्धांत चित्रात इतका देखणा दिसतो की तो तपासायलाच उशीर झाला, असं माझं मत. २०१३ मध्ये उलटंच आढळलं: ज्यांना जास्त दुखतं त्यांच्या मेंदूत हाताची जागा शाबूत. २०१४ मध्ये पाय गेलेल्या रुग्णांच्या कण्याजवळ, नसांच्या मुळाशी भूल दिली तर बऱ्याच जणांची कळ तेवढ्यापुरती थांबली, म्हणजे तिचा उगम मेंदूत नव्हे, नसांत असावा. २०२५ मध्ये तिघांचे हात कापण्याआधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून पाहिले, नकाशा जागच्या जागी. आरसा काहींना उपयोगी पडतो तो पडतोच, त्यामागचं स्पष्टीकरण तेवढं डळमळलं.

आपल्याकडे पाय जातो तो बहुधा मधुमेहाच्या गँगरीनने किंवा अपघातात, मुंबईत रेल्वेखाली. गँगरीनचा पाय कापण्याआधी महिनोन्‌महिने दुखलेला असतो आणि आधीचं दुखणं जितकं तीव्र तितका नंतरचा धोका जास्त. म्हणून आधीच पाठीतून भूल देऊन नसा शांत ठेवाव्यात असं १९८८ मध्ये २५ रुग्णांवरून सुचवलं गेलं. १९९७ मध्ये ६० जणांवर तपासल्यावर त्याचा फायदा दिसला नाही. सध्या जोर आहे तो कापलेल्या नसेचं टोक शेजारच्या स्नायूच्या बारीक नसेला शिवून देण्यावर. हे तंत्र मुळात यांत्रिक हात चालवण्यासाठी शोधलेलं, दुखणं कमी होतं हे मागाहून ध्यानात आलं. पाय कापतानाच ते उरकावं असं म्हणतात. त्यासाठी सूक्ष्म टाके घालणारा सर्जन तिथे हजर लागतो, आणि रेल्वेखाली आलेला माणूस रात्री दोन वाजता आणला जातो.