डाका आणि एच-4 वरची मुलं: मागची गोष्ट

लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना देशाबाहेर काढण्यापासून तात्पुरतं वाचवणारी योजना म्हणजे डाका (DACA). तिला बरेच जण कायदा म्हणतात, पण ती कधीच कायदा नव्हती आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत फुकट शिकवावंच लागेल हे कोर्टाने 1982 मध्येच सांगितलं होतं, पण शाळा संपल्यावर काय? अशा मुलांना कायमचं राहता यावं म्हणून आणलेलं ड्रीम अ‍ॅक्टचं बिल 2001 पासून फिरत राहिलं, 2010 च्या डिसेंबरात खालच्या सभागृहात पास झालं आणि वरच्या सभागृहात 60 मतं लागत होती तिथे 55 वर अडकलं.

मग 15 जून 2012 ला सरकारने एका मेमोवर भागवलं, तोच डाका. सोळाव्या वाढदिवसाच्या आधी आलेले, तेव्हा 31 च्या आतले, जून 2007 पासून सलग राहणारे, शिकणारे किंवा शिकलेले, त्यांना दोन वर्षं देशाबाहेर काढणार नाही, वर्क परमिट देऊ, मग परत अर्ज करा. ग्रीन कार्ड वगैरे काही नाही.

यातली एक अट आपल्याकडे फारशी कुणी वाचतच नाही. 15 जून 2012 या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस असता कामा नये! म्हणजे आईबाबांच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-4 या कुटुंबीयांच्या व्हिसावर रीतसर आलेली पुण्या-नाशिकची मुलं सरळ बाहेर. तेव्हा ते ठीकच वाटलं असेल, व्हिसा असलेल्याला कोण हाकलणार? पण ग्रीन कार्डात एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची लाइन इतकी लांबली की नंबर लागायच्या आत मुलं 21 ची होतात आणि एच-4 संपतं, मग स्टुडंट व्हिसा शोधा नाहीतर जिथलं बालवाडीपलीकडे काही आठवत नाही तिथे परत जा. 2012 मध्ये घाई होती असं म्हणू, पण 2022 ला याच मेमोचा सविस्तर नियम केला तेव्हाही अट तशीच ठेवली, हे मला तरी पटत नाही.

बाकी कोर्टबाजी माहीतच आहे. 2017 ला नव्या सरकारने डाका बंद करायला घेतलं, 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने 5-4 ने ते अडवलं, तेही फक्त बंद करायची पद्धत चुकली म्हणून. 2021 ला टेक्सासच्या कोर्टाने डाकाच बेकायदा ठरवलं, तेव्हापासून जुन्यांचं रिन्यूअल चालू आणि नवे अर्ज नुसते पडून. आणि जून 2007 ची तारीख कधी पुढे सरकलीच नाही, त्यामुळे आत्ता हायस्कूलमध्ये असलेली मुलं, कागद असोत नसोत, यात बसतच नाहीत.