नॅरोबोटचा प्रवास आणि बेभरवशाचे हवामान

इंग्लंड-वेल्समधील कालव्यांतून आणि त्यांना जोडलेल्या नद्यांतून चालणारी लांबट, अरुंद बोट म्हणजे नॅरोबोट. लांबी २२ मीटरपर्यंत, रुंदी मात्र जेमतेम २.१ मीटर. हे माप अठराव्या शतकातल्या लॉकांनी ठरवले. लॉक म्हणजे जलपाश : दोन टोकांना दरवाजे असलेला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या वा खालच्या पातळीला नेतात. अभियंता जेम्स ब्रिंडलीने आखलेल्या अनेक कालव्यांवर हे हौद सुमारे सात फूट रुंद ठेवले गेले आणि बोटी त्यांत मावतील अशा बांधल्या गेल्या. आपल्याकडे कालवा म्हटला की पाटाचे पाणी आणि ऊस आठवतो. हे कालवे कोळसा, चिनी माती असला माल वाहण्यासाठी खोदलेले होते. आज त्यांवर बहुतेक सुट्टीतले प्रवासी आणि बोटीतच घर केलेली माणसे दिसतात. सुमारे ३,२०० किमी जलमार्गांची व्यवस्था २०१२ पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था पाहते.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकी. त्यामुळे येणारी सर चुकवून पुढे निघून जाणे या वाहनात नाहीच. अंतराचा हिशेबही मैल आणि लॉक एकत्र धरून करतात : एक लॉक म्हणजे साधारण एक मैल, आणि असे तीन-चार तासाभरात. आत चूल पेटलेली, किटली तापलेली असते; सुकाणू धरणारा मात्र मागच्या टोकाला उघड्यावर उभा. छत्रीचा उपयोग नाही, कारण ठेंगण्या कमानीचा पूल कधीही समोर येतो. जुन्या धाटणीच्या बोटीत निदान दारात उभे राहून कमरेपासून खालचा भाग उबेत ठेवता येतो.

पाऊस अंग भिजवतो, पण कालव्यावर खरा त्रास वाऱ्याचा. नॅरोबोटीचा तळ सपाट असतो आणि पाण्याखाली ती दोन-अडीच फूटच बुडते. पाण्याबाहेर मात्र वीस मीटर लांबीची पोलादी भिंत उभी. आडवा वारा आला की नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, हळूहळू समोरच्या काठाकडे सरकते आणि तिथल्या गाळात रुतते. म्हणून नाळ थोडी वाऱ्याकडे वळवून बोट खेकड्यासारखी तिरकी चालवतात. इंजिनाच्या पंख्याने (प्रोपेलरने) ढकललेले पाणी सुकाणूच्या पात्यावर आदळते तेव्हाच सुकाणू नीट चालते. वेग कमी केला की बोट वाऱ्याच्या ताब्यात जाते. नेमका काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमीच करावा लागतो, नाहीतर त्यांचे दोर ताणून खुंट्या उपटतात. नवख्याची फजिती बहुधा इथेच होते.

वेल्समधील पाँटकसिल्टे जलसेतूवर (१८०५) वाऱ्याचा अनुभव वेगळाच. अभियंते टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचा, कालवा दरीपलीकडे नेणारा हा ओतीव लोखंडाचा पन्हळ ३०७ मीटर लांब आणि डी नदीच्या सुमारे ३८ मीटर वर आहे. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पन्हळाची वीतभर कड आणि पुढे थेट दरी. बोट पन्हळाला घासत जाते, बाहेर पडू शकत नाही. हे माहीत असूनही हात सुकाणूच्या दांड्यावर घट्ट आवळले जातात.

नदीत शिरले की गणित उलटते. कालव्यात जास्तीचे पाणी सांडव्यांवरून निघून जाते. नदी मात्र वरच्या खोऱ्यातल्या पावसाने, इथे ऊन असतानाही, चढते. टेम्सवर लॉकपाशी फलक लावतात : पिवळा म्हणजे प्रवाह वाढतो किंवा ओसरतो आहे, सावध राहा, लाल म्हणजे प्रवाह जोरात आहे, इंजिनाच्या बोटींनीही सुरक्षित जागी थांबावे. प्रवाहासोबत जाताना बोट वळवायला पाण्यापेक्षा वेगात जावे लागते, आणि बंधाऱ्याकडे ओढणारे पाणी थांबू देत नाही. काठाला लागायचे तर आधी वळून तोंड प्रवाहाकडे करतात. नांगर हाताशी ठेवतात, कारण इंजिन बंद पडले तर तेवढाच आधार. भाड्याची बोट ठरल्या दिवशी परत करायची असते. लाल फलकाकडे काणाडोळा करण्याचा मोह त्या घाईतून होतो.

थांबलेल्या बोटीलाही राखण लागते. ओल्या मातीत खुंटी टिकत नाही, म्हणून दोन खुंट्या एकमेकींना छेद देतील अशा तिरक्या ठोकतात. दोर फार आखडला तर चढत्या पाण्यात बोट कलते. फार सैल सोडला तर ती बुडालेल्या काठावर तरंगत जाते आणि पूर ओसरल्यावर गवतावर बसून राहते. त्यासाठी बोट आणि काठ यांच्यामध्ये वासे रोवून तिला प्रवाहाच्या बाजूला धरून ठेवतात.

पाऊस नसला तरी अडते. अरुंद लॉक एकदा वापरला की लाखभर लिटरहून अधिक पाणी खाली जाते. जलाशय आटले की लॉक बंद करतात. २०१० च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा विगन ते गारग्रेव्ह हा टप्पा असाच बंद होता. हिवाळ्यात बर्फ. पूर्वी बर्फ फोडायला खास बोटी होत्या : घोडे काठावरून ओढत आणि आत मधल्या दांड्याला धरून उभी माणसे बोट डावी-उजवीकडे डोलवत. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, मालबोटी जागच्या जागी अडकल्या. आधीच रस्ते आणि रेल्वेने पोखरलेला हा धंदा त्यातून सावरला नाही. ‘ब्रिटिश वॉटरवेज’ने १९६३ मध्ये आपली नॅरोबोटींची बहुतेक मालवाहतूक बंद केली.