लहान विमानाची बांधणी, गोवा : ॲल्युमिनियम की कॉम्पोझिट

दोन ते चार आसनी विमानाचा सांगाडा आज मुख्यतः दोन तऱ्हांनी बनतो. एकीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा रिब (पंखाला आकार देणाऱ्या बरगड्या) आणि स्पारवर (पंखाची मुख्य तुळई) रिव्हेटने ठोकतात. दुसरीत काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात किंवा फोमच्या गाभ्यावर थरांनी बसवतात; हेच कॉम्पोझिट. सेस्ना १७२ आणि व्हॅन्सची आरव्ही मालिका पत्र्याची. सिरस एसआर२२ आणि डायमंड डीए४० कॉम्पोझिटची. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचे हंसा-३ काचतंतूंचे आहे. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरची नौदलाची डॉर्निअर २२८ विमाने मात्र मुख्यतः धातूची. नावांचा योगायोग तेवढाच.

निवडीची चर्चा बहुधा वजनापासून सुरू होते आणि तिथेच भरकटते. ॲल्युमिनियमची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) सुमारे २.७, काच-इपॉक्सीची १.९ च्या आसपास, कार्बन-इपॉक्सीची १.६ हे खरे. पण हाताने थर दिलेल्या काचतंतूंच्या लहान विमानात जादा रेझिन आणि पृष्ठभाग गुळगुळीत करायला भरलेले फिलर ही बचत बहुतेक खाऊन टाकतात. फायदा मिळतो तो आकारात : वक्र, रिव्हेटविरहित पृष्ठभागाला हवेचा रोध कमी. गोव्यात खरा प्रश्न हवामानाचा आहे. ॲल्युमिनियमला इथली खारी हवा आयुष्यभर छळते. कॉम्पोझिटला दमट हवा मुख्यतः बांधणीच्या काळात.

पत्र्याचे विमान. २०२४-टी३ या मिश्रधातूत सुमारे ४.४ टक्के तांबे असते. त्यामुळे तो बळकट, पण गंजाला हळवा. म्हणून त्याच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा थर देतात. ०.८ मिमी पत्र्यावर हा थर जेमतेम ०.०४ मिमी भरतो, म्हणजे आखणीसाठी ओढलेला खिळ्याचा ओरखडासुद्धा तो भेदतो. आखणी मऊ मार्करनेच करावी आणि सफाईला लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल कधीच वापरू नये. त्यांचे कण रुतून बसतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. ६०६१-टी६ हा मिश्रधातू कमी बळकट, पण गंजाला बराच टिकाऊ. किनाऱ्यालगत राहणाऱ्या विमानाला हाच सोयीचा.

३.२ मिमीच्या रिव्हेटसाठी भोकाचा मध्य कडेपासून निदान ६.४ मिमी आत हवा. पत्र्यांच्या एकूण जाडीपेक्षा रिव्हेट सुमारे ४.८ मिमी लांब घ्यावा. ठोकल्यावर त्याचे डोके ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच व्हावे. गोव्यात बाहेरून दिलेला रंग पुरत नाही. एकमेकांवर येणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागाला जोडणीपूर्वीच इपॉक्सी प्रायमर लागतो, कारण खारे पाणी नेमके जोडाच्या फटीत मुरते. समुद्रावरून उडून आल्यावर गोड्या पाण्याने धुणे आणि पोकळ्यांत गंजरोधक तेलाची फवारणी हा नित्याचा भाग. पंखाच्या तळाची निचरा-भोके तपासावीत. कुंभारीण माशी ती मातीने बुजवते आणि पाणी आतच साचते. रिव्हेटभोवती रंगाला आलेले फोड व पांढरी भुकटी म्हणजे गंज, तर मागे ओढलेली काळी रेघ म्हणजे रिव्हेट सैल.

कॉम्पोझिटसाठी मनुष्यबळ गोव्यात सहज मिळते. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत या क्षेत्रातला मोठा उद्योग आहे आणि फायबरच्या होड्या तर किनाऱ्यावर सर्वत्र बनतात. तरी होडीचा हात जसाच्या तसा विमानाला चालत नाही. होडीत पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यातला स्टायरीन पंखाच्या पॉलिस्टायरीन फोमला विरघळवतो. शिवाय पॉलिएस्टरमध्ये काम लवकर सुकावे म्हणून कॅटॅलिस्ट थोडा वाढवता येतो. इपॉक्सीत हार्डनर हा रासायनिक साखळीचाच घटक असतो. तो जास्त घातला तर थर लवकर कडक होत नाही, कायमचा कमजोर राहतो. म्हणून एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर वजन, दोन मिनिटे घोटणे, भांड्याच्या कडा खरवडून घेणे. आणि एका वेळी १००-१५० ग्रॅमच. तापमान १० अंशांनी वाढले की रेझिन हाताशी राहण्याचा वेळ निम्मा होतो.

पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. या महिन्यांत उघड्या शेडमध्ये थर देणे टाळावे. हार्डनरमधला अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर मेणचट साय धरतो, आणि पुढचा थर त्यावर चिकटत नाही. साय धरलीच तर आधी साध्या पाण्याने आणि खरबरीत स्पंजने धुवावी, मग घासावे. नुसते घासले तर ती आणखी आत रगडली जाते. थरावर पील-प्लाय (रेझिन सुकल्यावर सोलून काढायचे कापड) अंथरून नंतर ते सोलून काढले तर बरेचसे काम वाचते. थर देण्याची कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकणे, किंवा बंद खोलीत डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवणे, हे दोनच मार्ग.

रंग पांढराच. साध्या तापमानाला सुकवलेले इपॉक्सी उन्हात तापलेल्या गडद रंगाखाली मऊ पडू शकते. डायमंड डीए२० मध्ये स्पारपाशी यासाठी तापमानदर्शक पट्टी असते. ५५ अंश सेल्सियसच्या वर उड्डाण करायचे नाही. उष्णतेने सुकवण्याचा दुसरा टप्पा रेझिनच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच करावा.

दुरुस्तीत पत्रा उजवा. खराब तुकडा कापून ठिगळ ठोकणे ड्रिल आणि हातोडी असलेल्या कुठल्याही धावपट्टीवर जमते, आणि पोचा दिसतो तरी. कॉम्पोझिटवर हातातून निसटलेला पाना बाहेर काहीच खूण न ठेवता आतले थर सुटवू शकतो. नाण्याने ठोकत जावे. टणक आवाज बद्द झाला की तिथे थर सुटलेला. मग जाडीच्या कितीतरी पट लांब उतार घासून थरागणिक कापड चढवावे लागते, आणि तेही कोरड्या हवेतच.

मे आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी कॉम्पोझिटच्या पृष्ठभागाखाली धातूची जाळी लागते. पत्र्याचे विमान वीज स्वतःच वाहून नेते. कार्बन निवडला तर आणखी एक पथ्य : कार्बन आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात भिडले की विद्युतघट तयार होऊन ॲल्युमिनियम झिजते. म्हणून दोहोंमध्ये काचतंतूंचा एक थर घालावा, आणि बोल्ट टायटॅनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, सीलंटमध्ये बुडवून बसवावेत.