पाळणाघर अनुदान (भारत)

पाळणाघर अनुदान : कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या आणि स्वयंसेवी संस्था वा स्थानिक यंत्रणा चालवीत असलेल्या पाळणाघरांना शासनाकडून मिळणारे अर्थसाहाय्य. मुलांची संख्या, कामाचे तास आणि सेविका व मदतनीस यांची शैक्षणिक अर्हता यांवर ते अवलंबून असते. निव्वळ शुल्कावर चालणारी खासगी पाळणाघरे या नोंदीच्या कक्षेबाहेर आहेत.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार ही व्यवस्था कामगार कायद्यांतून आली. ५० हून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्याबाबत नियम करण्याचा अधिकार १९३४ च्या कारखाने अधिनियमाने प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या अधिनियमातील कलम ४८ ने पाळणाघर बंधनकारक केले व ते ‘बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या’ स्त्रियांच्या ताब्यात असावे, असे स्पष्ट म्हटले. स्त्री-कामगारांच्या संख्येची मर्यादा १९७६ मध्ये ३० वर आली. दुसरे मत उगम स्वयंसेवी बालशिक्षणात पाहते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी केलेले काम, तसेच मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम-मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेले ‘मोबाइल क्रेशेस’ (फिरती पाळणाघरे) हे त्याचे ठळक टप्पे होत. मराठी लेखनात साहजिकच बोर्डीला झुकते माप मिळते. तथापि बोर्डीच्या प्रयोगाचा भर काही तासांच्या शिक्षणावर होता. आईच्या कामाचे तास हा पाळणाघराचा मूळ मापदंड कारखाना-कायद्यातूनच आलेला दिसतो. कायद्याने खर्चाचा भार मात्र मालकावर टाकला होता. शासनाने संस्थेला पैसे द्यावेत ही कल्पना १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अनुदानपद्धतीशी अधिक जुळते.

योजना : राष्ट्रीय बालधोरण (१९७४) जाहीर झाल्यानंतर १९७५ मध्ये कामकरी व आजारी स्त्रियांच्या मुलांच्या पाळणाघरांसाठी स्वयंसेवी संस्थांना साहाय्य देणारी केंद्रीय योजना सुरू झाली. १९९४ चा राष्ट्रीय पाळणाघर निधी व ही योजना एकत्र करून १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अमलात आली. एका केंद्रात २५ मुले धरली जात. पूरक आहारासाठी दर मुलामागे दिवसाला २ रुपये ८ पैसे, म्हणजे २५ मुलांच्या पूर्ण केंद्राला ५२ रुपये मिळत. दोन सेविकांना प्रत्येकी दरमहा १,००० रुपये मानधन होते. १ जानेवारी २०१७ पासून योजना राज्यांमार्फत राबवली जाऊ लागली आणि सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्र सरकार, राज्य सरकार व संस्था यांचा वाटा ६०:३०:१० असा ठरला. वीस हजारांच्या वर गेलेली पाळणाघरांची संख्या त्यानंतरच्या काही वर्षांत सात हजारांच्या खाली उतरली. राज्याच्या हिश्श्याची तरतूद वेळेवर न होणे हे त्याचे एक कारण असावे.

कर्मचाऱ्यांची अर्हता : २०१७ च्या नियमांनुसार सेविका किमान बारावी व मदतनीस दहावी उत्तीर्ण असावी लागे; वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे होती. केंद्र महिन्यातून २६ दिवस, रोज साडेसात तास उघडे ठेवायचे होते. सेविकेचे मानधन ३,००० व मदतनिसाचे १,५०० रुपये होते. हिशेब केला तर सेविकेच्या वाट्याला तासाला सुमारे १५ रुपये येत. मानधन असल्याने त्याला किमान वेतनाचे दर लावले जात नाहीत.

अर्हतेच्या अटीबाबत अभ्यासकांत एकमत नाही. तीन वर्षांखालील मुलाच्या मेंदूच्या वाढीचा काळ लक्षात घेता प्रशिक्षित हात हवेत, असे एक मत. शाळेच्या प्रमाणपत्राचा तान्ह्या मुलाला भरवण्या-झोपवण्याशी संबंध थोडा, आणि अशा अटीने वस्तीतल्याच अनुभवी बायका बाहेर राहतात, असे दुसरे. दोन्हींत तथ्य असले तरी १९४८ च्या कायद्याने मागितले होते ते प्रशिक्षण. अनुदानाच्या नियमांत त्याची जागा बऱ्याच अंशी इयत्तेने घेतली. कागदपत्रांत तपासायला इयत्ता सोपी पडते, हे उघड आहे. दुर्गम आदिवासी पाड्यांवर बारावी झालेली आणि एवढ्या मानधनावर दिवसभर थांबणारी उमेदवार मिळणे अवघड जाते. प्रसूति लाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली, पण तेथील खर्च मालकाचा असल्याने अनुदानाचा प्रश्न येत नाही.

सद्यःस्थिती : २०२२ पासून ही योजना केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या ‘मिशन शक्ती’ या कार्यक्रमातील ‘सामर्थ्य’ या उपयोजनेत ‘पालना’ नावाने समाविष्ट आहे. स्वतंत्र पाळणाघरांबरोबर अंगणवाडीतच पाळणाघर चालवण्यावर तिचा भर असून अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.