मॅंगनीजच्या खदानींशेजारचे काळे ढीग

नागपूर जिल्ह्यात मनसर-कांद्रीच्या आसपास आणि भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या गावांशेजारी काळपट टेकड्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच निसर्गाने उभ्या केलेल्या नाहीत. मॅंगनीजच्या खदानींतून उपसून बाजूला टाकलेला तो दगड आहे. लोक खदान बघायला जातात, पण माझ्या मते ढिगांत सांगण्यासारखं जास्त आहे.

१८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी स्थापन झाली आणि या पट्ट्यात मॅंगनीज काढण्याचा धंदा उभा राहिला. तेव्हा युरोपात पोलादाचे कारखाने वाढत होते. लोखंडाच्या रसात थोडं गंधक राहतंच. ते लोखंडाशी जुळून कणांच्या सांध्यांत बसतं, आणि तापवून ठोकताना पोलाद नेमकं तिथेच तडकतं. मॅंगनीज घातलं की गंधक लोखंडाला सोडून मॅंगनीजला धरतं, त्याचे वेगळे बारीक कण बनतात आणि सांधे मजबूत राहतात.

विदर्भातला दगड रेल्वेने बंदरावर आणि तिथून जहाजाने परदेशी जायचा. एवढ्या लांबच्या भाड्यात कमी मॅंगनीजचा हलका माल परवडत नसे. म्हणून बायामाणसं हातोडीने दगड फोडून, हाताने निवडून फक्त भारी दगड वेगळा काढत. बाकीचा टोपल्यांनी ढिगावर. आज दिसणाऱ्या या टेकड्या त्यांच्या मेहनतीच्या आहेत, आणि खदानींच्या इतिहासात कंपन्यांची नावं येतात तशी या माणसांची येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता दगडाकडे वळू. शंभर कोटी किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात मॅंगनीज विरघळून राहतं; ऑक्सिजन मिळाला की त्याचं ऑक्साइड होऊन ते तळाशी बसतं. पुढे हे थर खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले आणि त्यांना घड्या पडल्या. जिथे मॅंगनीज बरंच शुद्ध होतं तिथे ब्राउनाइटसारखी कठीण खनिजं तयार झाली. जिथे त्यात रेती आणि चिकणमाती मिसळलेली होती तिथे गारगोटी आणि स्पेसार्टिन नावाचा नारिंगी-तपकिरी गार्नेट यांचा खडक झाला. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी त्याला गोंड समाजावरून गोंडाइट हे नाव दिलं. भारतातल्या मॅंगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ साली आला. इथल्या एका खडकगटाला आजही मनसरचंच नाव आहे.

जुन्या खदानी लांबट आणि अरुंद का, तेही यातून कळतं. घडी पडून थर जवळपास उभे झाले होते, आणि माणसं त्या थराच्या मागे खणत गेली.

ढिगावरचा दगड हातात घेतला तर ओळखता येतो. बोटं काळी झाली तर तो बहुधा पायरोलुसाइट (मॅंगनीज डायऑक्साइड), म्हणजे पावसाच्या पाण्याने आणि हवेने वरच्या भागात बदललेलं खनिज. डोंगरी बुजुर्गचं असं डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी वापरलं जातं. हात स्वच्छ राहिला आणि दगड जड, कठीण असेल तर ब्राउनाइट असू शकतं. भेगांत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ते जीवाश्म नाही. भेगेत शिरलेल्या पाण्यातून मॅंगनीज तसं फांद्या फुटत जमतं.

१९६२ मध्ये सरकार या धंद्यात भागीदार झालं आणि १९७७ मध्ये मॉइल (मॅंगनीज ओर इंडिया लिमिटेड) पूर्णपणे सरकारी कंपनी बनली. हाताने निवडण्याच्या काळी नाकारलेल्या मालातून आता जिगिंगने मॅंगनीज काढता येतं: पाण्याच्या हेलकाव्यात जड कण खाली बसतात, हलकी गारगोटी वर राहते, सुपात धान पाखडावं तसं. गारगोटीची घनता सुमारे २.६५ आणि मॅंगनीजच्या खनिजांची साडेचार-पाचच्या घरात, म्हणून हे जमतं.

ढीग असे पुन्हा वापरले जावेत, नवा डोंगर फोडण्यापेक्षा ते बरंच. फक्त प्रत्येक जुन्या खदानीजवळ एखादा ढीग आणि थर दिसणारी एखादी कड तशीच राखावी. कुंपणाबाहेरून पोरांना बघता येईल अशी, कारण पाण्याने भरलेल्या जुन्या खड्ड्यांच्या कडा ढासळतात आणि तिथे उतरणं जिवावर बेतू शकतं.